क्लॉडियाला काय हवं होतं

क्लॉडिया किनकेडला घर सोडायचं असतं, पण उघड्यावर राहायचं नसतं. ऊन, किडे, केकवरचं वितळणारं आइसिंग यांचा तिला तिटकारा. म्हणून बारा वर्षांची व्हायला आलेली ही मुलगी पळून जाण्यासाठी रान निवडत नाही, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालय निवडते. तीन भावांपैकी ती सोबत घेते नऊ वर्षांच्या जेमीला, कारण त्याच्याकडे पैसे असतात. शाळेच्या बसमध्ये मित्राशी पत्ते खेळताना लबाडी करून त्यानं २४ डॉलर ४३ सेंट साठवलेले असतात.

ई. एल. कोनिग्सबर्ग यांची 'फ्रॉम द मिक्स्ड-अप फाइल्स ऑफ मिसेस बेसिल ई. फ्रँकवायलर' ही कादंबरी १९६७ साली आली आणि १९६८ साली तिला बालसाहित्यासाठीचं न्यूबेरी पदक मिळालं. ती सुचली तीन लहानशा गोष्टींतून. संग्रहालयात दोरीपलीकडच्या रेशमी खुर्चीवर लेखिकेला मक्याची एकच लाही पडलेली दिसली. तिथे कोण बसून गेलं असेल, हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना. १९६५ मध्ये बातमी आली की याच संग्रहालयानं लिलावात अवघ्या २२५ डॉलरला घेतलेला पुतळा इटलीतल्या एखाद्या थोर कलावंताचा असू शकतो. आणि सहलीला गेलेली त्यांची स्वतःची मुलं मुंग्यांवरून, उन्हावरून कुरकुरली. ही मुलं कधी पळालीच, तर सगळ्या सुखसोयी बरोबर घेऊनच पळतील, हे आईच्या लक्षात आलं.

कोनिग्सबर्ग रसायनशास्त्राच्या पदवीधर, काही काळ विज्ञानाच्या शिक्षिकाही होत्या. प्रयोगाची मांडणी करावी तसा त्यांनी हा पळून जाण्याचा बेत मांडला आहे. कचऱ्याच्या टोपलीत क्लॉडियाला रेल्वेचा पास सापडतो, त्यावर एकच फेरी शिल्लक असते; मोठ्यांची एक फेरी म्हणजे मुलांच्या दोन अर्ध्या. कपडे व्हायोलिनच्या आणि ट्रम्पेटच्या पेटीत भरलेले. खजिनदार जेमी इतका चिकट की ग्रँड सेंट्रल स्टेशनापासून संग्रहालयापर्यंत बहिणीला चालायला लावतो. संग्रहालय बंद व्हायच्या वेळी दोघं आपापल्या स्वच्छतागृहात कमोडवर उभी राहून, डोकं खाली घालून लपतात. रात्री सोळाव्या शतकातल्या पलंगावर झोप, उपाहारगृहाच्या कारंज्यात आंघोळ. आंघोळ करता करता तळाशी नाणी हाताला लागतात, लोकांनी इच्छा मनात धरून टाकलेली, आणि जेमीच्या हिशेबात भर पडते. लाँड्रीत सगळे कपडे एकत्र धुतल्यामुळे पांढरे करडे होऊन बाहेर येतात. अशा तपशिलांमुळेच लहान वाचकाला वाटतं, हे आपल्यालाही जमेल.

पण क्लॉडिया पळते तरी कशासाठी? तिला घरी कोणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. थोरली आणि एकुलती एक मुलगी म्हणून कामं तिच्या वाट्याला जास्त येतात, ही तक्रार खरी आहे. खोलवरचा सल मात्र वेगळा आहे: रोज तीच क्लॉडिया असण्याचा तिला कंटाळा आलाय. मुलांच्या मनातल्या या दुःखाला बालसाहित्यात सहसा जागा नसते. तिथे अनाथपण असतं, सावत्र आई असते, गरिबी असते. बऱ्या घरात, प्रेमळ आईबापांच्या सावलीत वाढणारं मूलही गुदमरू शकतं, हे कोनिग्सबर्ग यांनी गंभीरपणे घेतलं. या पुस्तकाचं मोठेपण तिथे आहे.

वयानं मोठ्या वाचकाला एक गोष्ट खुपते. काळजी करू नका, असं पत्र क्लॉडिया घरी टाकते खरं, पण त्या आठवड्यात आईवडिलांचं काय झालं असेल ते पुस्तक जवळपास सांगतच नाही. ही उणीव आहे, आणि ती मान्य करूनही पुस्तक हातून सुटत नाही.

संग्रहालयात देवदूताचा एक लहान पुतळा आलेला असतो. किंमत तीच, २२५ डॉलर. तो मायकेलअँजेलोचा आहे का, यावर तज्ज्ञांचा खल चाललेला. भावंडांना पुतळ्याखालच्या मखमलीवर उमटलेली खूण दिसते आणि ती संग्रहालयाला पत्र लिहितात. उत्तर नम्र येतं: ही खूण आम्हाला आधीपासूनच ठाऊक आहे. इथे क्लॉडिया कोसळते. शोध लावून, नाव मिळवून परतायचं तिनं ठरवलेलं असतं. उरलेले सगळे पैसे टॅक्सीवर घालवून ती जेमीसह फार्मिंग्टनला जाते, पुतळा विकणाऱ्या ८२ वर्षांच्या मिसेस फ्रँकवायलरकडे. आपण वाचत असलेली सगळी हकिकत या बाईंनीच आपल्या वकिलाला लिहून धाडलेली असते.

बाई मुलांना तासाभराची मुदत देतात: फायलींच्या कपाटांत उत्तर आहे, शोधा. पुतळा मायकेलअँजेलोचाच असल्याचा पुरावा, त्याच्या हातचं रेखाटन, 'बोलोन्या' नावाच्या फायलीत निघतं. ते मृत्युपत्रानं मुलांना मिळणार, पण एका अटीवर: हे कोणाला सांगायचं नाही. नाव नाही, बातमी नाही, तज्ज्ञांचा वादही मिटणार नाही. आणि क्लॉडिया राजी होते. तिला गाजायचं नव्हतंच. आतून थोडं वेगळं होऊन घरी जायचं होतं, आणि त्यासाठी स्वतःपाशी ठेवायला एक खरं गुपित तिला पुरेसं होतं.