'नि'ची जागा बदलली आणि...

विम्याच्या मेडिकलला गेले होते. कागदावर शब्द दिसला : कोटिनिन. रक्त घ्यायला आलेला मुलगा म्हणाला, "तंबाखूची टेस्ट आहे मॅडम. निकोटिन लगेच निघून जातं, हे मागे राहतं." शब्द पुन्हा वाचला आणि चमकलेच! 'निकोटिन'मधला पहिला 'नि' उचलून शेवटच्या 'न'आधी ठेवा, झालं कोटिनिन!

त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले. शरीरात गेलेल्या निकोटिनपैकी ७० ते ८० टक्क्यांचं यकृत कोटिनिन करून टाकतं. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. कोटिनिन निम्मं व्हायला सोळा-सोळा तास लागतात. आणि ते मेंदूतही पोचतं!

मला आजी आठवली. पहाटे तव्यावर तंबाखू भाजायची, काळी झाली की चुरायची आणि ती मिश्री बोटाने दातांना लावायची. घरभर तो खमंग, उग्र वास. म्हणजे रात्री आम्हाला गोष्टी सांगायची, तेव्हा सकाळचं निकोटिन जवळपास संपलेलं, पण कोटिनिन तिच्या मेंदूत फिरतच होतं!

आणि ते नुसतं फिरत नसावं. फ्लोरिडात व्हॅलेंटिना एचेव्हेरिया आणि सहकाऱ्यांनी अल्झायमरसारखा आजार होणाऱ्या उंदरांना कोटिनिन दिलं. २०११ साली त्यांनी जाहीर केलं : उंदरांची स्मरणशक्ती टिकली आणि मेंदूत साचणारी अमिलॉइडची पुटं कमी झाली. पुढच्या वर्षीचा प्रयोग तर मी तीनदा वाचला. पिंजऱ्यात विजेचा झटका बसलेले उंदीर त्या पिंजऱ्याला घाबरायचे. कोटिनिन दिलेल्यांची भीती लवकर ओसरली. भीती ओसरणं म्हणजे आठवण पुसणं नव्हे, 'आता इथे धोका नाही' हे नव्याने शिकणं! ज्या कोटिनिनला मी निकोटिनची नुसती राख समजत होते, ते शिकण्यात हात घालतं आहे!

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला कळतं. आणि त्यांना दिलं ते शुद्ध कोटिनिन, तंबाखू नव्हे. मिश्री तोंडाचा कॅन्सर देते; आजीच्या हातातली ती डबी आज मी काढूनच घेतली असती.

पण नंतर तिच्या शेजारी बसून सांगितलं असतं, "आजी, तुझ्या मिश्रीतून एक शब्द निघालाय. 'नि' उचल, मागे ठेव..."