अर्धवट तुटलेली लाइन

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११:४० वाजता नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार थांबले, ते दुपारी ३:४५ला पुन्हा सुरू झाले. एरवी साडेतीनला बंद होणारा बाजार त्या दिवशी पाचपर्यंत चालला. महिनाभराने एक्स्चेंजने निवेदन काढलं. मूळ डेटा सेंटर आणि जवळची डीआर साइट (आपत्तीत काम सांभाळणारी पर्यायी जागा) यांच्यामध्ये दोन टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक होत्या, त्याही एकाहून अधिक मार्गांनी. वाटेत खोदकाम चालू होतं. दोन्ही कंपन्यांच्या लिंक डळमळल्या, आणि त्या गोंधळात मूळ साइटवरचं स्टोरेजच सर्व्हरना दिसेनासं झालं. दुसऱ्या साइटची वाट बिघडली म्हणून पहिली बसली! बाहेरच्यांना हे अजब वाटलं असेल. आमच्या धंद्यात कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

मी नेटवर्कवाला. दोन-तीन जागी पसरलेले सर्व्हर एकच क्लस्टर म्हणून चालावेत, यासाठी लागणारी वाट आखून देणं हे माझं काम. पहिल्या मीटिंगला ठरलेला प्रश्न येतो, ‘किती जीबीपीएसची लाइन घ्यायची?’ मी उलट विचारतो, ‘दोन जागांमध्ये फायबर किती किलोमीटर आहे?’ हे सहसा कुणाला माहीत नसतं.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १०० किलोमीटर फायबरवर जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. मुंबई-चेन्नई हवाई अंतर हजार किलोमीटरच्या थोडं वर. त्या हिशेबाने १० मिलिसेकंदांत काम व्हावं. पण फायबर रस्त्यांच्या नि रुळांच्या कडेने वळसे घेत जातं, मध्ये उपकरणं लागतात, आणि हातात वीस-पंचवीस पडतात. प्रत्येक नोंद दोन्हीकडे लिहून होईपर्यंत थांबायचं ठरवलं, तर २० मिलिसेकंदांच्या लाइनवर एकाच खात्यातल्या एकापाठोपाठच्या नोंदी सेकंदाला पन्नासच्या वर जात नाहीत. लाइन १ जीबीपीएसची घ्या की १००ची, आकडा तोच. व्हीएमवेअरच्या व्हीसॅनमध्ये म्हणूनच दोन डेटा साइटमधली राउंड ट्रिप ५ मिलिसेकंदांच्या आत असावी लागते. नुसतं मत द्यायला ठेवलेल्या विटनेसला मात्र २०० चालतात. मुंबईला नवी मुंबईची सिंक्रोनस जोड आणि चेन्नई किंवा हैदराबादला मागाहून पोचणारी प्रत, ही मांडणी इतकी दिसते ती याच गणितामुळे.

अंतराचं गणित निदान कागदावर मांडता येतं. खरा त्रास देते ती धड चालू नाही आणि धड बंद नाही अशी लाइन. पूर्ण तुटली तर सगळ्यांना कळतं, राउटर दुसरी वाट धरतात. अर्धवट तुटलेल्या लाइनवर क्लस्टरचे सदस्य एकमेकांना क्षणात जिवंत दिसतात, क्षणात मेलेले. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिसच्या पोटात नोंदी सांभाळणारा जो एटसीडी असतो, त्याचा हार्टबीट, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ हा निरोप, मुळात १०० मिलिसेकंदांचा. १ सेकंद नेता असलेल्या सर्व्हरचा आवाज आला नाही की नवी निवडणूक. हे आकडे एका इमारतीतल्या नेटवर्कसाठी ठीक आहेत. तेच तसेच ठेवून क्लस्टर दोन शहरांत ताणला, की लाइन जरा गचकली तरी निवडणूक लागते, आणि निवडणूक चालू असेपर्यंत लिखाण ठप्प.

याहून छुपा प्रकार पॅकेटच्या आकाराचा. दोन्ही डेटा सेंटरमध्ये ९००० बाइटच्या जंबो फ्रेम लावलेल्या असतात आणि मधल्या एखाद्या उपकरणावर १५०० राहिलेलं असतं. हार्टबीटचं पॅकेट चिमुकलं, ते आरामात जातं. साधा पिंगही जातो, सगळे दिवे हिरवे. डेटाचं मोठं पॅकेट मात्र वाटेत गुपचूप पडतं. दोन्ही साइट एकमेकींना ठणठणीत समजतात आणि रेप्लिकेशन जागचं हलत नाही. तपासायला ८९७२ बाइटचा पिंग तुकडे न करण्याची सक्ती घालून मारायचा. वरचे २८ बाइट हेडरचे. मिनिटाचं काम आहे, पण लाइन ताब्यात घेताना क्वचितच कुणी करतं.

दोन साइटचा संपर्क तुटला तर चालू कुणी राहायचं? बहुमत ज्याच्याकडे, त्याने. हाउसिंग सोसायटीच्या सभेत कोरम भरला नाही तर अर्धा तास थांबून आहे त्या हजेरीत सभा उरकता येते. क्लस्टरला ही सवलत नाही. दोनच समान जागा असतील तर बहुमत कुणाकडेच नसतं, म्हणून तिसरी जागा लागते, आणि तिची वाट पहिल्या दोघींपासून स्वतंत्र लागते. तिसरी जागा असूनही काय होतं ते गिटहबने २१ ऑक्टोबर २०१८ला पाहिलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऑप्टिकल उपकरण बदलताना संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात उरलेल्यांनी बहुमताने डेटाबेसचं प्रमुखपद पश्चिम किनाऱ्याकडे दिलं. नियमाप्रमाणे बरोबरच. पण पूर्वेकडच्या काही ताज्या नोंदी पश्चिमेला पोचलेल्याच नव्हत्या, पश्चिमेला तोवर नव्या पडू लागल्या, आणि पूर्वेकडच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक नोंदीसाठी खंड ओलांडणं झेपेना. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बहुतेकांना ताणलेला क्लस्टर लागतच नाही. दोन जागी दोन स्वतंत्र क्लस्टर ठेवावेत आणि मधे रेप्लिकेशन. एक जागा पडली तर काम दुसरीकडे वळवण्याचा निर्णय जबाबदार माणसाने घ्यावा. ज्यांना खरोखरच ताणायचा आहे, त्यांनी बँडविड्थवरचे पैसे थोडे वाचवून मार्गावर घालावेत. मी दोन्ही कंपन्यांकडून मार्गाची केएमझेड फाइल मागतो आणि एकाच नकाशावर टाकतो. मुंबईतून नवी मुंबईत जायला ठाण्याची खाडी ओलांडावी लागते आणि पूल मोजके. करारात वेगळ्या असलेल्या दोन रेघा तिथे बघता बघता एक होतात. विक्रीवाला म्हणतो, ‘सर, डक्ट वेगळा आहे.’ कुदळीला डक्टमधला फरक कळत नाही.

आणि एक चाचणी मागतो. केबल उपटून दाखवायला सगळे हौसेने तयार होतात. मला हवं असतं ते लाइन चालू ठेवून तिच्यावर २ टक्के पॅकेट मुद्दाम पाडणं. लिनक्सवर टीसी या कमांडच्या एका ओळीत होतं. तारीख मागितली की आधी महिनाअखेर आडवी येते, मग ऑडिट, मग दिवाळी.