रडीचा डाव

आपल्या भाषेत काही शब्द असे आहेत की, ते प्रथम मुलांच्या तोंडी जन्मास आले आणि पुढे मोठ्यांच्या व्यवहारास लागू पडले. 'रडीचा डाव' हा त्यांपैकीच एक होय. विटीदांडू असो, लगोरी असो, की पत्त्यांचा डाव असो. आपल्यावर डाव उलटू लागला की जो नियमांवरून वाद उकरून काढतो, पाने उधळतो, किंवा 'बॅट माझी आहे' असे म्हणून ती काखेत मारून घरची वाट धरतो, त्याची परीक्षा आठ वर्षांची पोरेसुद्धा या दोन शब्दांत करून मोकळी होतात. आज आम्हांस याच शब्दाविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. कारण आमचे असे ठाम मत बनले आहे की, क्रीडांगण, राज्यकारभार आणि आपले घर ही तिन्ही जिंकणाऱ्यांच्या पराक्रमापेक्षा हरणाऱ्यांच्या शहाणपणावर अधिक उभी असतात.

मुलांच्या खेळात एक मौज आहे. लपंडावात जो सापडतो त्याच्यावर 'राज्य' येते. आणि हे राज्य कोणासच नको असते! मोठ्यांच्या राजकारणात मात्र राज्य येणे हे भाग्य आणि राज्य जाणे ही शिक्षा समजली जाते. परंतु खेळ चालू राहण्याची अट दोहीकडे एकच आहे. ज्याची जी पाळी आली, ती त्याने मुकाट्याने पत्करली पाहिजे. राज्य घेण्यास कोणी तयारच झाला नाही, तर लपणार कोण आणि शोधणार कोण?

आमच्या शाळांतून जिंकणाऱ्यांस पेले व प्रशस्तिपत्रे मिळतात, हे योग्यच आहे. पण हरणाऱ्याच्या पदरात काय पडते? आमच्या मते, त्याने मागून घेतले तर पुष्कळच पडते. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. लाल मातीत वाढलेल्या या मल्लास तेथे गादीवर कुस्ती करावी लागली, नियमही निराळे. आणि त्यांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. गादीला आणि परक्या नियमांना नावे ठेवून 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण खरी करणे त्यांना सहज शक्य होते. पण त्यांनी गादीवरच्या कुस्तीचा अभ्यास केला, आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सहावा क्रमांक हा खाशाबांचा अपमान नव्हता, ती त्यांची चार वर्षांची शिकवणी होती.

याहूनही दुर्मिळ गुण म्हणजे, हरण्याची जोखीम पत्करूनही खोटा विजय नाकारणे. १९८० सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत व इंग्लंड यांच्यात सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना झाला. इंग्लंडचे पाच गडी अवघ्या ५८ धावांत परतले होते. अशा वेळी बॉब टेलर यास पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिले. भारताचा कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ स्वतः स्लिपमध्ये उभा होता. चेंडू बॅटीस लागला नाही अशी त्याची खात्री होती. त्याने टेलरला परत बोलावले. पुढे टेलर व बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि भारत तो सामना दहा गड्यांनी हरला. आज त्या सामन्यातील इतर गोष्टी पुष्कळांस आठवत नाहीत, परंतु विश्वनाथाने टेलरला परत बोलावल्याची गोष्ट अजून सांगितली जाते. पराभव धावफलकावर राहिला, नाव मात्र लोकांच्या मनात राहिले.

पंच हा शब्दही पाहा. गावचा तंटा सोडविणाराही पंच आणि मैदानावर बोट वर करणाराही पंचच. 'पंचांमुखी परमेश्वर' असे आपण म्हणतो खरे. परंतु पंच हा माणूस आहे, त्याचे चुकू शकते. म्हणून क्रिकेटमध्ये चित्रफीत पाहून निर्णय देणारा तिसरा पंच १९९२ साली आला, आणि त्याने बाद ठरविलेला पहिला फलंदाज डर्बन येथे आपला सचिन तेंडुलकर ठरला! तक्रार करू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तक्रारीची रीत असते. त्या रीतीने ती करावी, आणि मग जो निकाल येईल तो मानावा. तक्रार करणे निराळे, आणि पाने उधळणे निराळे.

हाच न्याय राजकारणास लावून पाहू. १९७५ सालच्या जूनच्या १२ तारखेस अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरविली. त्यानंतर तेरा दिवसांनी देशात आणीबाणी पुकारली गेली. डाव अंगावर येताच खेळाचे नियमच बदलण्याचा हा प्रकार होता, हे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु १९७७ साली त्याच बाईंनी निवडणूक घेतली, रायबरेलीत त्या स्वतः हरल्या, आणि सत्ता सोडून बाजूस झाल्या. १९८० साली लोकांनीच त्यांना परत निवडून दिले. पुढे १९९९ सालच्या एप्रिलात लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारच्या बाजूने २६९ व विरुद्ध २७० मते पडली. एका मताने सरकार गेले! शेजारच्या कित्येक देशांत अशा प्रसंगी रस्त्यावर रणगाडे आले आहेत. येथे पंतप्रधानांनी राष्ट्रपतींकडे जाऊन राजीनामा दिला, आणि त्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत ते पुन्हा निवडून आले. ज्या देशात हरलेला मनुष्य आपल्या पायांनी खुर्चीवरून उतरतो, त्याच देशात त्याला पुन्हा चढण्याची वाट मोकळी राहते.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी आम्हांस विचारील, 'हरणाऱ्याने मुकाट बसावे, हा उपदेश जिंकणाऱ्यांच्या सोयीचा नव्हे काय?' शंका अगदी रास्त आहे. तिचे उत्तर बाळू पालवणकर यांच्या चरित्रात सापडते. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेले बाळू पुण्याच्या युरोपियनांच्या जिमखान्यात मैदानाची निगा राखता राखता गोलंदाजी शिकले. पुढे हिंदूंच्या संघात त्यांना घेतले, कारण त्यांच्यावाचून जिंकता येईना. परंतु चहाच्या वेळी सोबती मंडपात बसत आणि बाळूंना बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. हा काही डाव हरणे नव्हे; हे डावाबाहेर ठेवणे होय. म्हणून १९२० साली त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी निषेध करून संघातून अंग काढून घेतले, तेव्हा तो रडीचा डाव नव्हता. ते न्यायाचे मागणे होते. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या हाताखाली हिंदूंचा संघ जिंकलाही.

तेच बाळू १९३७ साली मुंबईतील एका राखीव जागेसाठी काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मते पडली. हे मात्र खरे हरणे. येथे दोघांस सारखेच मैदान होते आणि मतदारांनी निवड केली होती. आणि दैवगती पाहा! ज्या आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली राज्यघटनेचा मसुदा तयार झाला, तेच त्या घटनेखाली झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १९५२ साली मुंबईत पराभूत झाले.  ते राज्यसभेत गेले आणि तेथून आपले म्हणणे मांडू लागले.

आता घराकडे वळू. स्नेहसंमेलनाच्या क्रीडा-महोत्सवात सर्वांत अवघड काम धावणाऱ्या मुलांचे नसून शेवटच्या फितीजवळ उभ्या असलेल्या पंचांचे असते. मुले धावून दमतात आणि पाणी प्यावयास जातात. परंतु 'आमच्या बंड्याचे पाऊल आधी पडले' हा वाद घेऊन पालक मात्र भ्रमणध्वनीवरील छायाचित्रासह हजर! उत्तरपत्रिकेतील अर्ध्या गुणासाठी मुलापेक्षा आईच अधिक हिरिरीने भांडते. तिची माया आम्हांस समजते. पण या भांडणातून मूल काय शिकते? हरलो याचा अर्थ कोणीतरी फसविले, हेच ना!

कित्येक वडील लहानग्यांशी पत्ते किंवा कॅरम खेळताना मुद्दाम हरतात. चार वर्षांच्या बाळास हे ठीक आहे. दहा वर्षांच्या मुलाशी असे वागणे आम्हांस पसंत नाही. घरच्या कॅरमवर हरण्यास काहीच खर्च येत नाही. बाहेर मात्र हाच धडा फार महाग पडतो. तेव्हा त्याला घरीच हरू द्यावे, आणि हरल्यावर सोंगट्या त्यानेच गोळा करून पुन्हा मांडाव्यात, असा नियम ठेवावा. उलट बाजूही तितकीच खरी. मुलगी वादात बरोबर ठरली असता 'मोठ्यांस उलट बोलू नये' असे म्हणून तिचे तोंड बंद करणारा बाप हाही रडीचाच डाव खेळत असतो. 'तुझे बरोबर आहे, बाळ' हे चार शब्द वडिलांच्या तोंडून निघाले, तर त्या घरात नागरिकशास्त्राचे पुस्तक न उघडताही पुष्कळसे नागरिकशास्त्र शिकून होते.

विद्यार्थिमित्रहो, या वर्षी तुमच्यापैकी थोड्यांची नावे फळ्यावर सुवर्णाक्षरांत लागतील, बहुतेकांची लागणार नाहीत. ज्यांची लागणार नाहीत त्यांनी आधी दोन प्रश्न स्वतःस विचारावे. नियम सर्वांस सारखे होते काय? आणि मला खेळू दिले होते काय? उत्तर 'नाही' असे आले तर मान ताठ ठेवून, रीतसर व न भिता दाद मागावी. उत्तर 'होय' असे आले, तर जिंकणाऱ्याशी हस्तांदोलन करावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरावास सर्वांच्या आधी मैदानावर हजर व्हावे.