माळावरचे गवत

आमच्या शाळेच्या मागे जो माळ आहे तो सर्वांच्या ओळखीचा आहे. पावसाळा संपला की त्यावर कंबरेइतके गवत उभे राहते. खालच्या अंगाला, ओढ्याकडे, मारवेल असते. ते गुरे आवडीने खातात. वरच्या अंगाला मुरूम आणि दगडगोटे आहेत. तिथे कुसळी गवत माजते. दिवाळीच्या सुमारास त्याची कुसळे पिकतात. ती परकरात शिरतात, मोज्यात शिरतात, आणि वर्गात बसल्यावर टोचतात. मेंढरांच्या तर कातडीत घुसतात.

पण कुसळांपेक्षा वणवा वाईट. उन्हाळ्यात हे गवत वाळले की एक ठिणगी पुरते. गेल्या उन्हाळ्यात माळ पेटला तेव्हा शाळेने लावलेल्या ४० रोपांपैकी ३१ रोपे जळाली. ९ राहिली, ती बुडातून पुन्हा फुटली. यंदा आम्ही ४५ नवी रोपे लावली. कडुलिंब, करंज, चिंच आणि कडेला सीताफळ. माझे झाड करंजाचे आहे, तिसऱ्या ओळीतले सातवे. पाऊस थांबल्यापासून दुपारच्या सुट्टीत मी त्याला तांब्याभर पाणी घालते. ते अजून माझ्या गुडघ्याएवढेच आहे. गवत मात्र त्याच्या दुप्पट. म्हणजे पुन्हा आग लागली तर ते कसे वाचणार?

नवरात्र संपल्यावर गुरुजींनी पालकांची सभा घेतली. गवत काढायचे हे सर्वांना मान्य होते. कसे काढायचे यावर मात्र बराच वेळ बोलणे झाले. काहीजण म्हणाले की जाळपट्टी काढून आपणच जाळून टाकू. मग रोपांचे काय, असे बाईंनी विचारले. माझ्या चुलत्यांकडे, म्हणजे अण्णांकडे, ट्रॅक्टरच्या मागे लावायचा स्लॅशर आहे. तो त्यांनी मोसंबीच्या बागेसाठी घेतला. ते म्हणाले, "मी डिझेल माझं घालून कापून देतो." त्यावर एक आजोबा उठले. ते म्हणाले, "तुझं यंत्र गवताचा भुगा करतं. गुरांनी काय खायचं? माती?" आजोबांचे खरे होते. स्लॅशर गवत कापून तिथेच बारीक करून टाकतो, त्याची पेंढी बांधता येत नाही. शेवटी असे ठरले की खालचे मारवेल ज्यांना हवे त्यांनी आधी विळ्याने कापून न्यावे. वरचा दगडाळ भाग आणि रोपांच्या ओळी अण्णांनी यंत्राने कापाव्यात. चार दिवसांत खालचा भाग मोकळा झाला. आजोबांनी सगळ्यांत जास्त भारे नेले, हे मी मुद्दाम लिहीत आहे, ते वाचून हसतील.

आता स्लॅशर म्हणजे काय ते सांगते. ट्रॅक्टरच्या मागे पालथ्या घमेल्यासारखी एक चौकोनी लोखंडी पेटी असते. तिच्या आत एक आडवा दांडा फिरतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना जाड पाती बोल्टवर सैल बसवलेली असतात. दगड लागला तर पाते मागे वळते, मोडत नाही. ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. मधल्या गिअरबॉक्समुळे पात्यांचा दांडा सुमारे ९०० फेरे घेतो. अण्णांच्या यंत्राचा काप ५ फूट, म्हणजे दीड मीटर आहे. गुरुजींनी आम्हांला फळ्यावर गणित घालून दिले. परीघ ४.७१ मीटर, गुणिले ९००, म्हणजे पात्याचे टोक मिनिटाला सव्वाचार किलोमीटर जाते. तासाला अडीचशे किलोमीटरच्या वर! म्हणूनच यंत्र चालू असताना १०० मीटरच्या आत कोणी जायचे नाही असा नियम झाला. पेटीला पुढे-मागे साखळ्यांची झालर असते, पण तिच्यातूनही खडा सुटतो.

पहिल्या दिवशी कापण्याआधी आम्ही सहावी-सातवीची मुले काठ्या आपटत माळभर फिरलो. काठ्या सापासाठी. एक ससा उठून पळाला. तारेचे दोन तुकडे, एक फुटका पाइप आणि पाटीभर मोठे दगड निघाले. प्रत्येक रोपाशेजारी बांबू रोवून वर लाल चिंधी बांधली. मग आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो आणि अण्णांनी कडेला एक लांब फेरा मारला.

फेरा संपल्यावर यंत्र बंद केले आणि आम्ही पाहायला गेलो. बाप रे! डाव्या बाजूला गवत मुळापर्यंत भादरलेले, काही ठिकाणी तर मातीच उघडी पडलेली. उजव्या बाजूला वीतभर खुंट उभे. शिवाय लांबीतही लाटा होत्या. चार पावले उंच, चार पावले खरडलेले. माझ्या फूटपट्टीने मोजले तर एके ठिकाणी डावीकडे ३ सेंटिमीटर आणि उजवीकडे ११ भरले. एकजण म्हणाला, माळच वाकडा आहे, यंत्र काय करणार. अण्णा म्हणाले, "माळ वाकडा आहेच. पण आधी यंत्र सरळ आहे का ते बघू. मग माळाला बोल लावू." बागेत जमीन सपाट म्हणून हे कधी कळले नव्हते.

त्यांनी ट्रॅक्टर शाळेसमोरच्या सिमेंटच्या ओट्यावर आणला. तिथे जमीन सपाट आहे. इंजिन बंद केले, किल्ली खिशात घातली आणि पेटीखाली लाकडाचे ओंडके लावले. नुसत्या लिफ्टच्या भरवशावर पेटीखाली हात घालायचा नाही, हे ते तीनदा म्हणाले. मी टेप धरला आणि वहीत आकडे लिहिले.

पहिल्यांदा त्यांनी यंत्राला हातच लावला नाही. मागच्या दोन्ही टायरांतली हवा पाहिली. डावा टायर बसलेला होता! हवा भरल्यावर डावी बाजू आपोआप वर आली. हवा आधी न भरता हँडल फिरवले असते तर दोन चुका एकमेकींत अडकल्या असत्या. नंतर त्यांनी लांब काठीने पाते डाव्या टोकाला वळवले आणि मी जमिनीपासून पात्याच्या टोकापर्यंत मोजले. मग तेच पाते उजवीकडे वळवून मोजले. पेटीची कड मोजायची नाही, पातेच मोजायचे, कारण गवत कड कापत नाही. डावीकडे ९ आणि उजवीकडे ११ सेंटिमीटर भरले. ट्रॅक्टरच्या उजव्या उचल-दांड्याला एक फिरवायचे हँडल असते. ते फिरवून दोन्ही बाजू १० वर आणल्या.

यानंतर पुढे-मागे. मला वाटले होते की इथेही दोन्ही आकडे सारखे हवेत. तसे नाही. पाते पुढे असताना जमिनीपासून १० सेंटिमीटर आणि मागे गेल्यावर १२ ठेवायचे. पुढून थोडे झुकलेले असले की गवत पुढच्या बाजूला एकदाच कापले जाते. मागची बाजू खाली असेल तर तेच गवत पुन्हा पुन्हा कुटले जाते, इंजिन दमते आणि कापही फाटका येतो. मागची उंची शेपटाकडच्या छोट्या चाकाने ठरते. ते चाक दोन भोके वर बसवले होते, ते खाली घेतले.

आता लाटा. त्यांचे कारण वरच्या मधल्या दांड्यात होते. त्याला टॉप लिंक म्हणतात. ट्रॅक्टरला अवजार तीन ठिकाणी जोडतात, खाली दोन आणि वर एक. ही तीन टोकांची जोडणी आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसन यांनी घडवली आणि १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. आज आपल्या गावातल्या सगळ्या ट्रॅक्टरांना तीच आहे. नांगराला टॉप लिंक घट्ट लागते. स्लॅशरचे तसे नाही. टॉप लिंक घट्ट असली की पेटी ट्रॅक्टरला जखडली जाते. ट्रॅक्टरची पुढची चाके उंचवट्यावर चढली की मागची पेटी खाली दबते आणि माती खरडते. पुढची चाके खळग्यात गेली की पेटी वर उचलते आणि गवत उंच राहते. अण्णांनी दाखवले की पेटीच्या कमानीला एक गोल भोक आहे आणि एक लांबट खाच आहे. पिन गोल भोकात होती. ती काढून लांबट खाचेत घातली आणि दोन बोटे ढील ठेवली. "आता हिला तिच्या मनानं डोलू दे," असे ते म्हणाले. पेटी आता मागच्या चाकावर टेकून जमिनीप्रमाणे वर-खाली होऊ लागली.

पेटीच्या दोन्ही बाजूंना खाली घसरणाऱ्या पट्ट्या असतात. मी विचारले की या जमिनीला टेकवायच्या का. ते म्हणाले, "नाही गं. त्या बोटभर वरच बऱ्या. रोज त्यांच्यावर भार टाकला तर झिजून जातील. अवघड जागी सावरायला आहेत त्या." मग आजूबाजूच्या साखळ्या थोड्या आवळल्या, म्हणजे पेटी हलून टायरला घासणार नाही. शेवटी लिफ्टच्या लिव्हरला एक आड लावली. दर वेळी पेटी खाली सोडली की त्याच जागी थांबते, अंदाज करावा लागत नाही.

दुसरा फेरा पुष्कळ बरा आला. डावे-उजवे सारखे, लाटा गेल्या. पण मधल्या टेकाडावर अजूनही माती खरडली जात होती. इथे मला वाटते खरी गोष्ट कळली. पेटी ५ फूट रुंद आणि सरळ आहे. चुरगळलेल्या गोधडीवर पाटी ठेवली तर ती फक्त उंच सुरकुत्यांवर टेकते. तसेच हे. खळग्यातले गवत कापायला पेटी खाली घेतली तर टेकाड सोलून निघते. मग पहिल्या वळवाच्या पावसात तिथली माती ओढ्यात जाणार आणि उरेल नुसता मुरूम. अण्णांनी माळावरचे सर्वांत उंच टेकाड शोधले आणि तिथे माती लागणार नाही इतकी उंची ठेवली. पुढचा आकडा १० चा १३ झाला. खळग्यांत गवत राहिले ते राहू दिले. एक काका लांबून म्हणाले, "अर्धवटच कापलं की!" गुरुजी त्यांना म्हणाले, "खळग्याला विळा आहे, सोललेल्या मातीला काय आहे?"

मग कामाला वेग आला. वेग म्हणजे ट्रॅक्टरचा नव्हे. ट्रॅक्टर माणसाच्या चालीनेच चालला, पीटीओ मात्र पूर्ण ५४० वर. हळू फिरणारी पाती गवत कापत नाहीत, लोळवतात. उताराला आडवे न जाता वर-खाली फेरे घेतले, कारण आडव्या उतारावर ट्रॅक्टर कलंडू शकतो. रोपांच्या दोन ओळींत १५ फूट अंतर आहे. ५ फुटांचे दोन फेरे, त्यांत अर्धा फूट एकावर एक, म्हणजे साडेनऊ फूट झाले. दोन्ही बाजूंना पावणेतीन फूट जागा सुटली. दोन दिवसांत माळ झाला. बांबू एकही पडला नाही. मी तिसऱ्या ओळीत जाऊन सातवे झाड पाहून आले. त्याला आता ऊन लागते.

कापलेले गवत तिथेच पसरले आहे. त्यातले थोडे आम्ही रोपांच्या आळ्यांत घातले आहे, ओल टिकावी म्हणून. खोडापासून चार बोटे लांब ठेवले, नाहीतर वाळवी लागते. मैदानाच्या तुकड्यावर अण्णांनी आडवा-उभा असा दुसरा फेरा मारून उंची ७ सेंटिमीटरवर आणली आहे, कारण तिथली जमीन सपाट आहे आणि आम्हांला खो-खो खेळायचा आहे.

पालक मंडळींना सांगायचे ते असे. माळावर ६ खळगे राहिले आहेत. त्यांतले आणि रोपांभोवतीचे गवत येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कापायचे आहे. विळे मोठ्यांनी आणावेत आणि त्यांनीच चालवावेत. मुले भारे वाहतील. खळग्यांत टाकायला चार पाट्या मुरूम कोणी दिला तर पुढच्या वर्षी तिथेही यंत्र जाईल. आणि वरच्या कडेची १० फुटांची जाळपट्टी अजून खरवडायची आहे, ती शिमग्याच्या आत झाली पाहिजे.