तरन्नुममधले भटसाहेब

सुरेश भट गेले ते 14 मार्च 2003 ला. त्यांच्यावर बोलताना लोक ‘गझलसम्राट’ म्हणून मोकळे होतात आणि लगेच हृदयनाथ, लताबाई, आशाबाईंकडे वळतात. ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’मधली गाणी थोर आहेतच. पण मला आठवतात ते स्वतः गाणारे भटसाहेब. ना पेटी, ना तबला. नुसता भरदार गळा आणि समोर माणसं.

गाणं हा त्यांचा पेशा नव्हता. अमरावतीच्या घरात आई पेटी वाजवायची, तिथून ते कानात आलं. अडीच वर्षांचे असताना पोलिओनं उजवा पाय अधू केला. ज्या मुलाला धावता येत नाही, तो सुरांत रमला असेल तर नवल नाही.

मी नांदेडचा, देगलूर नाक्याकडचा. अब्बांचं शिक्षण निजामाच्या राजवटीतलं, म्हणजे उर्दूतून. 1948 नंतर कचेरीत मराठी आली आणि त्यांची भाषा एका रात्रीत घरापुरती उरली. मुशायरा मात्र त्यांनी सोडला नाही. मला बोटाला धरून न्यायचे. त्यामुळं तरन्नुम माझ्या कानात शाळेच्या कवितांआधी बसला.

ज्यांनी मुशायरा ऐकला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शायर मतल्यातच साधी चाल धरतो. पुढं प्रत्येक शेराची पहिली ओळ वर नेतो, दोनदा म्हणतो, अडवून धरतो. ऐकणारे काफिया ओळखू पाहतात. मग दुसरी ओळ खाली उतरते आणि रदीफ येईस्तोवर निम्मी सभा शायराबरोबर तो म्हणत असते. इथं तानेला जागा नाही. तान घेतली की शब्द मेला. भटसाहेबांचं गाणं या जातीचं होतं.

मराठीत गझल त्यांच्या आधीही होती. माधव जूलियनांची ‘गज्जलांजली’ 1933 ची. पण ती आम्ही पुस्तकात वाचली, भटसाहेबांची ऐकली. उर्दूत दीर्घ अक्षर गरजेप्रमाणं आखूड म्हणता येतं, मराठीत ती मोकळीक नाही. मात्रा चुकली की गाताना लगेच खड्डा लागतो. नवोदितांना ते ‘गझलेची बाराखडी’ पाठवायचे, ती अशा चोख हिशोबाची. मला वाटतं, त्यांचा गळा हीच त्यांची तपासणीची ताजवी होती.

नोकरीनिमित्त मी लातूरला आलो. गंजगोलाईजवळ एका मित्राच्या खोलीवर कुणीतरी भरून आणलेली कॅसेट होती. तिथं हा आवाज पहिल्यांदा ऐकला. खोलीतले एक प्राध्यापक म्हणाले, “हे गळ्यावर टाळ्या घेणं झालं, कवितेचं काय?” आमच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांचा आक्षेप उलट्या बाजूनं होता. शायरी ठीक, पण शरीफ घरच्या पोरानं गाऊ नये. मराठीत लिहू पाहणारा माझ्यासारखा पोरगा या दोघांच्या कचाट्यात. भाषा एकाला परकी, चाल दुसऱ्याला. ती कॅसेट मी मागून घेतली आणि अहमदपूर, लोहामार्गे एस. टी.नं नांदेडला घेऊन गेलो. वाटभर गुणगुणत होतो. शेजारचा म्हातारा विचारत होता, “कोणत्या भजनी मंडळात असता?”

अब्बा उशीला टेकून ऐकत होते. मराठी त्यांना जेमतेम कळे. तिसऱ्या शेराला मांडीवर थाप पडली. म्हणाले, “मराठीच है ना? पन ये तो अपनेइच घर का लगताय.” मग “मुकर्रर!” म्हणाले, जणू भटसाहेब समोर बसलेत. टेप मागं नेऊन तो शेर मी चारदा लावला.

पुढं ‘एल्गार’ घरी आणला. 1983 चा हा संग्रह. अब्बांनी मुखपृष्ठावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं आणि एकदम हसले. “अरे, यलगार!” फारसीकडून मराठीत आलेला हा शब्द त्यांना असा भर दुपारी भेटला. त्यानंतर मी वाचायचो आणि ते आवडलेले शेर जुन्या डायरीत उर्दू लिपीत उतरवून घ्यायचे. ‘ळ’ आला की थांबायचे. उर्दूत त्याला अक्षर नाही. शेवटी त्यांनी ‘लाम’खाली एक टिंब द्यायचं ठरवलं. ती डायरी माझ्याकडं आहे. शाई फिकी झालीय, टिंबं मात्र ठसठशीत आहेत.