एका आगीच्या दोन जमिनी

मॉरिशसला जायचं ठरलं तेव्हा घरात प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. लेकीला समुद्र हवा होता, बायकोला गंगातलावावर पूजा करायची होती आणि मला तिथला दगड पाहायचा होता. मी आदिलाबादजवळच्या मराठी शाळेत भूगोल शिकवतो. आमच्या पायाखालची काळी जमीन आणि सुमारे 5,000 किलोमीटरवरचं ते बेट एकाच आगीतून जन्माला आलंय, हे दरवर्षी फळ्यावर नकाशा काढून सांगतो. बाबा मात्र तयार नव्हते. "मिरीग तोंडावर आला, वखरणी बाकी हाय, अन् तुमाले समुद्र सुचून राहिला," म्हणाले. शेवटी नातीपुढे त्यांचं काही चाललं नाही.

आदिलाबादहून नंदीग्राम एक्स्प्रेसनं मुंबई गाठली. किनवट, नांदेड, मनमाड, इगतपुरी हा सगळा रस्ता लाव्हाच्या थरांवरून जातो. आमच्याकडे, पूर्वेच्या कडेला, हे थर पातळ आहेत. पेनगंगेच्या खोऱ्यात तर खालचा जुना चुनखडक उघडा पडतो. पश्चिमेला जावं तसे ते जाड होत जातात. कसारा घाटात मी लेकीला खिडकीशी बसवून डोंगराच्या पायऱ्या दाखवल्या. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचा वेगळा लोंढा. 1,646 मीटर उंचीचं कळसूबाईचं शिखरसुद्धा या लोंढ्यांचंच.

हे सारं घडलं सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. तेव्हा भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि जमिनीच्या पोटातून वर येणाऱ्या एका प्रचंड उष्ण झोतावरून उत्तरेकडे सरकत होता. बहुतेक भूशास्त्रज्ञ असंच मानतात. बाबांना मी इतकंच सांगितलं, की चूल जागेवरच राहिली आणि तव्यावरच्या भाकरी एकामागून एक पुढे सरकत गेल्या. पहिली भाकरी आपलं दख्खन. मग लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ज्या समुद्रबुडीच्या डोंगररांगेवर उभे आहेत ती रांग. त्यानंतर, 80-90 लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस. विमान मुंबईहून निघालं तेव्हा ती सगळी बेटं आमच्या डाव्या अंगाला, दिसणार नाहीत इतक्या लांब होती. मी तरी त्या बाजूच्या खिडकीतून डोळे हटवले नाहीत.

क्युरपीप गावात त्रू-ओ-सेर नावाचं ज्वालामुखीचं विझलेलं तोंड आहे. खोल वाडगा, आत गच्च झाडी आणि तळाशी थोडं पाणी. लेक काठावर उभी राहून विचारत होती, "बाबा, आग इथूनच आली का?" हा प्रश्न वर्गात कुणी विचारला की मी पुस्तकाकडे बोट दाखवतो. इथे खाली बोट दाखवता आलं, याचा आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही. गंगातलावही अशाच विवरात साठलेलं पाणी. बायकोनं तिथे दिवा लावला, तलावाकाठच्या 33 मीटर उंच महादेवाकडे पाहत बराच वेळ बसली.

बाबांचं लक्ष मात्र उसाच्या शेतांवर. शेताशेतांत काळ्या दगडांचे भलेमोठे ढीग रचलेले होते, काही तर माणसाच्या दुप्पट उंच. गाडी थांबवायला लावून ते उतरले, एक दगड हातात घेतला, नखानं खरवडला. बारीक छिद्रं होती त्याला. वितळलेल्या दगडातले वायू निसटताना पडतात, तशी.

"हे तं आपल्याच वावरातले गोटे दिसून राहिले!"

मग शेतातली माती उचलली आणि गप्प झाले. माती विटकरी लाल होती. दगड आपला, मग माती परकी कशी, हे त्यांना सुटेना. मी सांगितलं, की फरक पावसाचा. क्युरपीपच्या पठारावर वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्याकडे त्याच्या जेमतेम पाव हिस्सा. एवढ्या पाण्यात दगडातला चुना आणि सिलिका धुऊन जातात, लोह उरतं, म्हणून माती तांबडी. आपल्याकडे चुना मातीतच राहतो, चिकण तयार होते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. शामारेलची सात रंगांची माती पाहायला जग लोटतं, तीही याच दगडाची झीज आहे.

आमच्या गाडीचे चालक मराठी वंशाचे होते, पूर्वज रत्नागिरीकडचे. घरात क्रिओल बोलतात, पण गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी आणि आरती यांचं त्यांना मोठं अप्रूप. त्यांनीच सांगितलं, की ते ढीग गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांनी रचले. उसासाठी रान मोकळं करताना एकेक दगड हातानं उचलून. 1834 ते 1920 या काळात हिंदुस्थानातून जवळपास 5 लाख माणसं इथे आणली गेली. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर ती ज्या 16 पायऱ्या चढून आली, त्या आम्ही चढलो. बाबांनी चढण्याआधी वाकून पहिल्या पायरीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. आयुष्यभर वावरातले गोटे वेचून बांधावर टाकलेला माणूस तो. त्या ढिगांमागचे कष्ट त्यांना माझ्यापेक्षा फार लवकर कळले.

शेवटच्या दिवशी दक्षिणेला ग्री-ग्रीला गेलो. तिथे प्रवाळाची भिंत नाही, त्यामुळे लाटा थेट काळ्या कड्यांवर फुटतात. तिथून नैर्ऋत्येला सुमारे 200 किलोमीटरवर रियुनियन बेट. दख्खन घडवणारा तो उष्ण झोत आज त्याच्याखाली आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वारंवार लाव्हा ओकतो.

"म्हंजे आपली जमीन जिथं झाली, ते अजून चालूच हाय?" बाबांनी विचारलं.

"चालूच आहे."

"मंग इतक्या दूर येऊन तेच नाही पाहाचं?"

ते बेट फ्रान्सचं, कागदपत्रं निराळी, खर्चही निराळा. हे सगळं मी सांगत होतो, तेवढ्यात त्यांनी नातीला विचारायला सुरुवात केली होती, की पुढच्या उन्हाळ्यात तिची शाळा कधी सुटते.