बर्फाचा घाट

नेदरलंड्स हा देश इतका सपाट, की युरोपातील त्याच्या भूमीवरचा सर्वांत उंच माथा जेमतेम ३२२ मीटर भरतो. म्हणूनच की काय, तेथील माणसांना पर्वतांचे विलक्षण वेड! फेब्रुवारीत शाळांना सुटी लागली, की कितीतरी कुटुंबे बर्फावरून घसरण्याच्या लांब पट्ट्या, म्हणजे स्की, मोटारीच्या टपावर बांधतात आणि जर्मनी ओलांडून ऑस्ट्रियातील आल्प्सकडे निघतात. वाट सुमारे हजार किलोमीटरांची. मुले बहुतेक वेळ पेंगत असतात.

शेवटचा घाट मात्र सर्वांना जागे करतो. निळ्या वर्तुळात साखळ्या घातलेल्या चाकाचे चित्र दिसले, की मोटारीच्या चाकांना साखळ्या चढवाव्याच लागतात. अशाच एका कुटुंबातील वडील बर्फात गुडघे टेकून बसले होते. बोटे बधिर झालेली, कड्या जुळेनात. आठ वर्षांची धाकटी विजेरी धरून कुडकुडत उभी होती. एवढा खटाटोप कशासाठी, असे तिला वाटले असल्यास नवल नाही. पण पलीकडे दरी होती, आणि बर्फावर चाक घसरू लागले म्हणजे ब्रेक दाबून फारसा उपयोग नसतो.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी तिला प्रथम शिकविले ते धावणे नव्हे, थांबणे. स्कीची टोके जवळ, टाचा दूर, आतल्या कडा बर्फात दाबलेल्या. ती पडली, उठली, पुन्हा पडली. दादा केव्हाच वरच्या उतारावर गेला होता. तिने डोळे पुसले आणि पुन्हा निघाली. कडा करकरल्या. शिक्षकांच्या बुटांपासून हातभर अंतरावर ती उभी राहिली, न पडता!